नैनाची स्वेच्छा

नऊ वर्षांपूर्वी एक सूटबूटवाला गोरा गृहस्थ इथे अमेरिकेत, पार्सिपनीत आमच्या शेजारच्या मीनाक्षीकाकूंच्या दारात उभा राहिला. आमच्या नैनाची गुप्तचर खात्यात निवड व्हायची होती, म्हणून तो चौकशीला आला होता. मुलगी पिते का, मित्रमंडळी कशी, स्वभाव कसा. काकूंना वाटलं, स्थळ आलंय. त्यांनी त्याला चिवडा दिला, नैनानं जन्मात न केलेल्या पुरणपोळ्यांचं कौतुक केलं आणि विचारलं, "मुलगा काय करतो?"

तरीही नैनाला नोकरी लागली. ती व्हर्जिनियात नेमकं काय करते, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. मराठी मंडळात कुणी विचारलं, की आम्ही "सरकारी आहे" म्हणतो आणि बटाटेवड्यांकडे वळतो.

तिला घ्यावं की नाही हे ठरवायला ज्या सरकारला वर्ष लागलं, त्यानंच या सोमवारी ईमेल पाठवली: स्वेच्छेनं राजीनामा द्या, एकरकमी पैसे घ्या. मुदत शुक्रवारपर्यंत.

"सरकारी नोकरी कुणी सोडतं का?" बुधवारी मी फोनवर म्हणाले. "बाहेर तुला घेणार कोण? नऊ वर्षं काय केलंस, हे सांगता तरी येणार आहे का?"

"रेझ्युमे ऑफिसकडून अप्रूव्ह करून घ्यावा लागतो, आई. आलाय परत."

तिनं वाचून दाखवला. दोन पानांतून एवढंच उरलं होतं: वाचन केलं, लेखन केलं, इतरांबरोबर मिळून काम केलं.

"हे तर बालवाडीचं प्रगतिपुस्तक!" तिचे बाबा म्हणाले. ती हसली. मला हसू आलं नाही.

"थांब ना तिथेच," मी म्हणाले.

"थांबले तर पुढच्या वेळी पैसे न देताच काढतील. टीममधले सहा जण ऑलरेडी गेले."

म्हणजे ही स्वेच्छा. पाठीवर हात ठेवून दारापर्यंत न्यायचं आणि म्हणायचं, तुमची मर्जी!

दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही. शुक्रवारी दुपारी मन घट्ट करून फोन केला. "कर सही. काही जमलं नाही तर इथे ये. तुझी खोली आहे."



"आई, सही मी मंगळवारीच केली."

"मग बुधवारी माझ्याशी वाद कसला घालत होतीस?"

"तुला कितपत झेपेल, ते बघत होते."

चार दिवस आमच्याच घरात हेरगिरी चालली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. सरकारनं कामाची मुलगी घालवली.