आत्याची बेडकांची घागर

आमच्या तळ्याची मला किळस येते, आणि पोटही मी त्याच्यावरच भरतो. लाखो वर्षं जुनं म्हणून लोक हे तितिकाका तळं बघायला लांबून येतात. शहराच्या गटारांनी आमची खाडी हिरव्या सायीने माखून टाकली आहे. वल्हं उचललं की संडासाचा वास येतो. होडीतून फिरायला आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावतात, मी म्हणतो, "पुढे स्वच्छ आहे." रोज तेच खोटं.

सातुर्निना कोआकिरा माझी आत्या. आमच्या आयमारा जमातीच्या गावात पाऊस लांबला की तळ्यातले मोठाले बेडूक मातीच्या घागरीत घालून टेकडीवर न्यायचा मान तिच्या घराचा. वर ते रडतात, आभाळाला दया येते, घागर पावसाने काठोकाठ भरली की बेडूक बाहेर पडून तळ्याकडे उतरतात. एखादा घागरीत मेला तर मान गेला, कायमचा. आत्याच्या हातात घागर आल्यापासून चाळीस वर्षांत एकही मेला नव्हता. मेलेल्या नवऱ्याबद्दलही ती इतक्या अभिमानाने कधी बोलली नाही.

यंदा डिसेंबर, आमचा पावसाचा महिना, सरला तरी थेंब नाही. बटाट्याची पानं करपली. आत्या चार दिवस त्या घाणीत हात घालून बेडूक शोधत होती. हाताला लागले ते मेलेले, फुगलेले, कातडी सुटलेले. शेवटी तिला होडीतून लांब, खोल पाण्यावर नेलं. तिथे जाळ्यात तीन जिवंत मिळाले. आजोबांचा सदरा घातल्यासारखी त्यांची ढगळ कातडी.

मी एकाला हात लावायला गेलो तर ती खेकसली, "हात धू आधी, मुडद्या! कातडीनेच श्वास घेतात ते. तुझं नाक कुणी असं चोळलं तर?"

घागर टेकडीवर गेली. आत्या कोकाची पानं चघळत शेजारी बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी माझे पाहुणे वासाने वैतागले होते. एक बाई म्हणाली, "इतक्या लांब येऊन बघितलं काय, तर शेवाळ!" माझ्या जिभेला हाड नाही. म्हणालो, "पाऊस बोलावणारे बेडूक बघायचेत?"

त्यांना टेकडीवर नेलं. आत्या जेवायला खाली उतरली होती. पाहुण्यांच्या हातांना ऊन लागू नये म्हणून मलम थापलेलं. बेडूक या हातातून त्या हातात फिरले. त्यांच्या अंगावर पांढरा फेस आला. मी फक्त "हळू" म्हणालो. एक बेडूक तर फोटोसाठी मीच उचलून धरला, हात न धुता. मग तिघांना घागरीत टाकलं आणि उतरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ फाटलं. ढोल घेऊन सगळं गाव वर धावलं. घागर काठोकाठ भरली होती. तिन्ही बेडूक पोट वर करून तरंगत होते, पाण्यावर तेलाचा तवंग होता.

आत्याने बोट बुडवून हुंगलं. पाहुण्यांच्या मलमाचा तो वास रोज माझ्या होडीत असतो. तिने माझ्याकडे पाहिलं.

"पाऊस तर आला ना, आत्या," मी म्हणालो. इतका निर्लज्ज मी आहे.

"आला की. ज्यांनी बोलावला त्यांना आता घरी कोण नेणार?"

तिने तिघांना पदरात घेतलं, पाणी ओतून टाकलं आणि सगळ्या गावासमोर घागर माझ्या हातात दिली.

"घे. ही दाखव आता तुझ्या पाहुण्यांना."