जहाज वेळेवर पोचलं

चूक माझी होती. हे तीन शब्द मी सहा वर्षं कुणालाही सांगितले नाहीत, बायकोलासुद्धा नाही. आता तुम्हाला सांगतोय. कुठून सुरुवात करू?

मी सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यात निर्यातीचे कागद बघतो. माल परदेशी जातो, त्याची जहाजं ठरवणं, कागद पाठवणं, येणारे मेल वाचणं हे माझं काम. शेठना इंग्रजी फारसं येत नाही. परदेशातून काय आलं, ते मी वाचून सांगायचं आणि मी सांगितलं तेच खरं धरायचं — अशीच आमच्याकडे पद्धत.

त्या वर्षी फिजीचं मोठं काम मिळालं होतं. फिजी म्हणजे पॅसिफिक महासागरातली बेटं. माल सुवा बंदरात उतरायचा आणि तिथून आठवड्यातून एकदाच सुटणाऱ्या लहान बोटीनं दुसऱ्या बेटावरच्या हॉटेलांना जायचा. मुंबईच्या एजंटानं तिथल्या सुट्ट्यांची यादी मला पाठवली. वर लिहिलं होतं, तुम्ही धरलेलं जहाज सुट्टीच्या तोंडावर पोचतं, बंदरातलं काम अडेल, आधीचं जहाज घ्या. मी यादी बघितली. त्यात दिवाळी होती.

मी हसलो. समुद्रातल्या बेटांवर कसली आलीय दिवाळी? एजंटाला फोन करून म्हणालो, “अहो, कुणीतरी आपलीच यादी आपल्याला पाठवलीय. दिवाळीचा फराळ पण पाठवतायत का विचारा.” आख्खं ऑफिस हसलं. एजंट म्हणाला, “सर, एकदा खात्री करून घ्या.” मी घेतली नाही. माल तर आधीच्या जहाजासाठीही तयार होता. पण जहाज बदलायचं म्हणजे सगळे कागद नव्यानं करायचे — त्याचा मला कंटाळा आला. खरं कारण एवढंच.

तिथं खरोखरच दिवाळीची सुट्टी असते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर राबायला आपल्याकडची माणसं तिकडं नेली, त्यांची नातवंडं-पतवंडं तिथं दिवे लावतात. माझी सासुरवाडी माळशिरसची, चहूकडं ऊस. ऊस तोडायला माणसं किती लांब जातात, हे मी काय बघितलं नव्हतं? पण दिवाळी आपलीच, असं मी धरून चाललो होतो.

सुट्टी, तिला जोडून शनिवार-रविवार. बंदरातून माल सुटला नाही, लहान बोट निघून गेली. पुढच्या बोटीपर्यंत आमचा कंटेनर आवारात उभा. दिवसा ऊन, मग पाऊस. अशा वेळी बंद कंटेनरला आतून घाम सुटतो, छताचं पाणी मालावर टपकतं. हॉटेलात खोकी उघडली, तेव्हा टॉवेलांवर काळे ठिपके पडले होते आणि कुबट वास येत होता.

आता बालामणीअक्काबद्दल सांगायला हवं. इथवर मी तिचं नाव टाळतच आलो, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

अक्का आमच्या पॅकिंगची प्रमुख. तेलुगू विणकरांच्या घरातली, वीस वर्षं त्याच टेबलावर. खोक्यात जाण्याआधी टॉवेलांचा प्रत्येक गठ्ठा ती गालाला लावायची. हाताला कळत नाही ती ओल गालाला कळते, म्हणायची. पावसाळ्यात तिनं मान हलवली की गठ्ठा परत वाळायला जायचा, मग शेठ कितीही घाई करोत. पोरी चिडवायच्या, “अक्का, नवऱ्याला तरी एवढं जवळ घेतलं का कधी?” ती म्हणायची, “त्यो कुटं एवढा मऊ होता गं!”

हॉटेलातून डागाळलेल्या टॉवेलांचे फोटो आले त्या दिवशी शेठ पॅकिंगमध्ये आले. सोबतच्या मेलचा कागद माझ्या हातात होता. त्यात दोन गोष्टी होत्या. माल ओला भरलेला दिसतो, ही एक. आणि सुट्ट्यांमुळे कंटेनर बरेच दिवस उभा होता, ही दुसरी. मी पहिली वाचून दाखवली. दुसरी — मी कागद घडी करून खिशात ठेवला.

अक्का म्हणाली, “माल कोरडा होता, शेठ. मी गाल लावून बघितलंय की हो.”

शेठनी माझ्याकडं बघितलं. “वाटेत काही उशीर?”

“नाही शेठ,” मी म्हणालो. “जहाज वेळेवर पोचलं.”

जहाज खरंच वेळेवर पोचलं होतं. एवढ्या एका खऱ्या वाक्याच्या आड मी सहा वर्षं लपलो. तेव्हा अक्का माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत संशय नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. शिकलेला माणूस कागद बघून बोलतोय, म्हणजे आपलंच चुकलं असणार, असं तिला वाटलं. तिचा चेहरा पडताना मी बघितला. तेव्हा तोंड उघडता आलं नसतं का? आलं असतं.

तिला टेबलावरून काढून धागे कापायला बसवलं. ज्या पोरींना तिनं शिकवलं, त्यांच्याच रांगेत. महिन्याभरात ती यायची बंद झाली, घरी विड्या वळू लागली. मी तिच्या गल्लीवरून जाणं सोडलं.

गेल्या वर्षी शुक्रवार पेठेत भाजी घेताना ती समोरच आली. सोबत सून. मला बघून तिला आनंद झाला — हो, आनंद! घरची चौकशी केली. मग सुनेकडं बोट करून हसत म्हणाली, “आता माज्या गालाचा काय भरवसा नाय, सर. दोरीवरचे कपडे वाळले का, ते बी हिला इचारते.”

सून हसली. मीही हसलो. भाजीची पिशवी तिथंच विसरून घरी आलो.

पुढच्या रविवारी तिच्या घरी गेलो. ती सुपात विडीची पानं घेऊन बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं — यादी, दिवाळी, खिशात घातलेला कागद. तिचे हात थांबले.

“म्हंजे माल कोरडा होता?”

“होता, अक्का. चूक माझी होती. मला माफ करा.”

तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, “हितं येऊन काय सांगताय, सर? माजं नाव तितं गेलं. तितं सांगा की.”

ती रडली नाही, मला बसा म्हणाली नाही.

सोमवारी सकाळी शेठना सांगितलं. ते म्हणाले, “आता कशाला उकरताय?” जेवणाच्या सुट्टीत मी पॅकिंगमध्ये गेलो. पंधराएक बायका डबे उघडून बसल्या होत्या. मी म्हणालो, बालामणीअक्कानं ओला माल भरला नव्हता, त्या दिवशी मी खोटं बोललो. जुन्या दोघींनी घास खाली ठेवला. बाकीच्या एकमेकींकडं बघू लागल्या. त्यांतली एक म्हणाली, “कोण बालामणी, सर?”

तेव्हा आधी मी त्यांना बालामणीअक्का कोण होती, ते सांगितलं. वीस वर्षं ती कुठल्या टेबलाशी उभी राहायची, ते दाखवलं. आणि मग त्या टेबलापाशी उभा राहून, तिचं पूर्ण नाव घेऊन, माफी मागितली.