स्मशानातला पॉज

नाट्यशास्त्रात एमए करायला लागल्यापासून आमच्या समोरच्या घरातला मुलगा कोणालाही पाठ दाखवत नाही. प्रेक्षकांना पाठ दिसता कामा नये, असं त्याला शिकवलंय म्हणे. त्यामुळे नेरच्या बाजारात तो किराणा दुकानातूनही उलट्या पावलांनी बाहेर पडतो. बोलताना मधेच थांबतो, दूर कुठेतरी बघतो आणि मग वाक्य पुरं करतो. "भाऊ, मले..." एवढ्यावर चहावाला गाळणी धरून ताटकळतो. "...अर्धा चहा." याला तो पॉज म्हणतो.

आमच्याकडे अग्नी दिल्यावर स्मशानातच शोकसभा होते. दोन-चार जण बोलतात, मग सगळे उभे राहून मौन पाळतात आणि घरी जातात. मयत कोणाचीही असो, बोलायला हा पुढे.

परवा त्याचे स्वतःचे वडील गेले. तो बोलायला उभा राहिला. "माझे बाबा..." म्हणाला आणि थांबला. नजर लांबच्या पळसावर. पॉज इतका लांबला, की लोकांना वाटलं मौन सुरू झालं. बसलेले सगळे एकेक करत उठले. शेवटी कोणीतरी "ओम शांती" म्हटलं आणि माणसं गाड्या काढायला लागली.

त्याचं भाषण राहूनच गेलं. मला पहिल्यांदाच त्याची कीव आली. हा पॉज तरी खरा असेल, असं वाटून मी जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "पाह्यलं न काका? सारी पब्लिक उभी राह्यली."