वायलच्या साड्यांचे लंगोट

सातवा महिना संपत आला तेव्हा मी ठरवलं, बाळाला कापडी लंगोटच वापरायचे.

आमच्या इमारतीखाली सकाळी घंटागाडी येते. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू नातवाच्या डायपरची गच्च बांधलेली पिशवी रोज खाली नेऊन द्यायच्या. पूर्वी माझं कधी तिकडे लक्षही गेलं नव्हतं. दिवस राहिल्यापासून मात्र गाडी निघून गेल्यावरही मी खिडकीत उभी राहायला लागले. त्या पिशव्या कुठे जाऊन पडत असतील, आपलं मूल शाळेत जायला लागलं तरी तिथेच असतील का, असलं काहीतरी डोक्यात यायचं. कापडी लंगोट का, असं कुणी विचारलं की मी हेच कारण सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं.

दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझी आई जाऊन काही वर्षं झाली होती. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती आणि रोज वायलची, खळ घातलेली साडी नेसायची. त्या साड्या बाबांच्या कपाटात तशाच होत्या. माहेर म्हणजे नाशिक रोडच्या दोन खोल्यांत एकटे राहणारे बाबा, त्यामुळे बाळंतपण सासरीच होणार हे ठरलेलं होतं. आई असती तर तिने काय काय केलं असतं, याचा विचार मी फारसा करत नसे. पण केलाच, तर डोळ्यांसमोर त्या साड्या यायच्या. धुवून धुवून इतक्या मऊ झालेल्या, की लहानपणी तापात मी तिचा पदर गालाखाली घेऊन झोपायचे.

मग सासूबाईंना फोन करून हे सांगितलं. त्या निफाडजवळच्या खेड्यात राहतात. शेत आहे, दोन म्हशी आहेत. माझ्या बाळंतपणासाठी सव्वा महिना येऊन राहायचं त्यांनी आधीच कबूल केलं होतं.

"कापडाचे?" त्या म्हणाल्या. "आता सगळं आयतं मिळतंय ना?"

"मिळतं, आई. पण मला कापडाचेच वापरायचेत."

"वापर. पण मी नाय धुणार. आधीच सांगून ठेवते. लय धुतलेत मी."

मला हे अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं, डायपर घेणार म्हटलं असतं तर त्या नाराज झाल्या असत्या. जुन्या बायकांना जुन्या पद्धती आवडतात, असं मी उगाच धरून चालले होते. फोन ठेवल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला.

"आई एकदा नाही म्हणाली की नाहीच," तो म्हणाला. "ते बटणवाले मिळतात ऑनलाइन, ते मागवू या का? मशीनमध्ये टाकता येतात."

मी मान हलवली, पण ते मागवले नाहीत. पुढच्या रविवारी आम्ही बाबांकडे गेलो.

बाबांना मी सरळच विचारलं. आईच्या साड्यांतल्या जुन्या, सुती साड्या हव्यात, त्यांचे लंगोट आणि दुपटी करायची आहेत. बाबा फार बोलणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, उठून कपाट उघडलं आणि बाजूला झाले. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला. साड्या घडी करून एकावर एक ठेवलेल्या होत्या, आई ठेवायची तशाच.

"रेशमी नको," मी म्हणाले. "फक्त वायलच्या."

"तुला कळतील कुठल्या," ते म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मी बाहेर काढत गेले. लिंबाच्या रंगाची, निळ्या फुलांची, ती बारीक चौकटीची, जिच्या पदरावर शाईचा डाग होता. नवरा पिशवीत भरत होता. हिरव्या किनारीची एक साडी मात्र सापडेना. ती मला चांगली आठवत होती, कारण घरात असताना आई बहुतेक तीच नेसायची. मी खालचा कप्पा पाहिला, ट्रंक उघडून पाहिली. मग पाणी प्यायला आतल्या खोलीतून जाताना बाबांच्या पलंगाकडे लक्ष गेलं. उशाशी ती साडी चौपदरी घडी करून ठेवलेली होती. कडेला थोडी विरलेली. ते उन्हाळ्यात पांघरत असावेत, किंवा रोजच पांघरत असावेत.

मी बाहेर आले. बाबा गॅलरीतून आत येत होते. मी कुठून आले हे त्यांनी पाहिलं.

"झाल्या का सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"झाल्या. पुष्कळ आहेत या."

"अजून लागल्या तर सांग."

"नाही लागणार, बाबा."

परतताना गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. नवऱ्याने विचारलं, काय झालं. मी नंतर सांगते म्हणाले, आणि ते सांगायला मला बरेच दिवस लागले.

सासूबाई आठव्या महिन्यात आल्या. येताना बाजरीचं पीठ, तूप, डिंक आणि दोन पिशव्या भरून सामान आणलं. आल्या त्या दिवशी मी दिवाणावर साड्या पसरून बसले होते. खळ निघावी म्हणून दोन-तीनदा धुवून घेतल्या होत्या, आता कापायच्या होत्या. पण कात्री हातात घेतली की कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. सासूबाईंनी एका साडीचं टोक दोन बोटांत धरून चोळून पाहिलं.

"कुणाच्या?"

"आईच्या."

त्या माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "कापड चांगलं हे. लेकराला टोचायचं नाय." मग माझ्या हातातली कात्री घेतली, काठाला एक छोटी चीर पाडली आणि दोन्ही हातांनी साडी सरळ फाडली. तो आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पाहिलं असावं. दुसरी साडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता तू फाड. कात्रीनं वाकडं जातं."

दुपारभर आम्ही फाडत होतो. त्या तिकोनी लंगोट बेतत होत्या, मी नाड्या करत होते. बोलता बोलता मी विचारलं, "आई, तुम्ही फोनवर नको म्हणालात ना?"

"मी कापडाला नको नव्हते म्हणले," त्या म्हणाल्या. "धुवायला नाय म्हणले." मग त्यांनी सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या वेळी बाळंत झाल्यावर, बारसं झालं त्याच दिवशी संध्याकाळी त्यांना लंगोट धुवायला कालव्याच्या पाटावर पाठवलं होतं. पौषाचे दिवस होते. त्यांच्या सासूबाई वाईट नव्हत्या, पण घरात माणसं पुष्कळ आणि सगळ्या बायका कामाला जुंपलेल्या. थोरल्या दिरांची पोरंही लहान होती. सगळ्यांची बाळुती एकाच टोपल्यात पडायची आणि ते टोपलं धाकट्या सुनेचं, म्हणजे यांचं असायचं. त्यांना ताप भरला, दूध आटलं. माझ्या नवऱ्याला महिनाभर म्हशीचं दूध पाणी घालून पाजलं.

"कुणी बाप्या माणसानं त्या टोपल्याला हात लावला नाय," त्या म्हणाल्या. "ह्याच्या बापानं पण नाय. त्यांना रागवून काय करू, त्यांना ते कधी दिसलंच नाय. टोपलं माझ्यासंगं जायचं, माझ्यासंगं यायचं."

त्या हे चिडून सांगत नव्हत्या. हातातली नाडी ओवत, मान खाली घालून सांगत होत्या.

संध्याकाळी नवरा अंबडच्या एमआयडीसीतून कामावरून आला. जेवणं झाली. सासूबाईंनी त्या दिवशी पिठलं जरा पातळच केलं होतं, आणि सगळ्यांचं झाल्यावरही कढईत थोडं ठेवलं होतं. त्यांनी एक नवा लंगोट घेतला, त्यावर पळीभर पिठलं ओतलं, चांगलं चोळलं आणि तो मुलापुढे धरला.

"चल. धुऊन दाखव."

त्याला आधी गंमत वाटली. "आई, हे काय?"

"हिनं धुवायचं नाय, ती बाळंतीण. मी धुवायचं नाय, माझं झालंय. मग ऱ्हायलं कोण? तुला जमत असलं तर हे लंगोट ठेवू. नाय जमलं तर उद्या बाजारातून डायपर आण, कुणी तुला नावं ठेवणार नाय."

तो माझ्याकडे बघायला लागला. खरं सांगायचं तर मला तोपर्यंत लंगोट कोण धुणार हा प्रश्न नीट पडलाच नव्हता. मशीन आहे, होईल, एवढंच डोक्यात होतं.

तो बाथरूममध्ये गेला. सासूबाई दारात उभ्या. त्याने गीझर लावला तर त्या म्हणाल्या, "गरम पाणी नको. डाग बसतो. आधी गार पाण्यात खळबळून काढ." त्याने खळबळलं. साबण लावला. "दाबून चोळ, भांडं घासतो का तू?" पिठल्यातली हळद जाता जाता जाईना. तो उकिडवा बसून घासत होता आणि त्याचा शर्ट पुढून भिजला होता. शेवटी त्याने लंगोट पिळून आईच्या हातात दिला. त्यांनी तो दिव्यापुढे धरून पाहिला. पिवळी झाक राहिलीच होती.

"उन्हात जाईल," त्या म्हणाल्या. "जमतंय तुला."

गणपती बसले त्या आठवड्यात मुलगी झाली. दवाखान्यात पहिला लंगोट भरला तेव्हा मी अर्धवट गुंगीत होते. नवरा तो घेऊन बाथरूमकडे गेला. शेजारच्या पलंगावरच्या बाईंसोबत आलेल्या आजी सासूबाईंना म्हणाल्या, "अहो, त्याला कशाला? तुम्ही आहात ना?"

"तोच धुतो," सासूबाई म्हणाल्या. "त्याला येतं."

घरी आल्यावर मात्र पाऊस हटेना. गॅलरीत दोऱ्या बांधल्या, मग हॉलमध्ये बांधल्या, मग पंख्याखाली खुर्च्यांवर लंगोट पसरले. तरी ओल जाईना. घरभर ओलसर, आंबूस वास. नवरा कामावरून येऊन धुवायचा, सकाळी जाण्याआधी धुवायचा, आणि मी अंथरुणात बसून इस्त्रीने एकेक सुकवायचा प्रयत्न करायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी एकही कोरडा लंगोट उरला नाही. बाळ रडत होतं, आणि मीही रडायला लागले. एवढं ठरवलं, एवढं केलं, आणि आठवडाही निभला नाही असं वाटत होतं. सासूबाई छत्री घेऊन खाली गेल्या आणि डायपरचं पाकीट घेऊन आल्या. मला काही न विचारता त्यांनी त्यातला एक बाळाला लावला.

"पाऊस उघडला की पुन्हा कापडाचे बांध," त्या म्हणाल्या. "तिला काय, तिला कोरडं पाहिजे."

त्यानंतर आमचं तसंच ठरून गेलं. ऊन असलं की लंगोट. पाऊस असला, बाहेर जायचं असलं किंवा आम्ही फार थकलो असलो की डायपर. सुरुवातीला प्रत्येक डायपरच्या वेळी मला हरल्यासारखं व्हायचं. पुढे ते कमी झालं. मी ठरवलं होतं ते मनात एक आखीव चित्र होतं, आणि त्या चित्रात थकलेलं कुणीच नव्हतं.

पाऊस उघडल्यावर एका दुपारी बाबा आले. गॅलरीत तीन दोऱ्या भरून लंगोट वाळत होते. बाळाला बघायच्या आधी ते तिथेच थबकले. मला धास्ती वाटली. आईच्या साड्यांचे ते तुकडे त्यांना कसे दिसत असतील याचा मी विचारच केला नव्हता. ते एका दोरीपासून दुसऱ्या दोरीपर्यंत सावकाश गेले. एका लंगोटाला हात लावून म्हणाले, "ही साडी तिची बदली झाली तेव्हा घेतली होती. शालिमार चौकातल्या दुकानातून. दुकानदाराशी तासभर घासाघीस केली तिने."

मग त्यांनी वाळलेले लंगोट काढायला सुरुवात केली. सगळे काढून दिवाणावर आणले आणि बसून घड्या घालू लागले. सासूबाईंनी मला खुणेने सांगितलं, बोलू नको. घड्या घालून झाल्यावर त्यांनी हात पुढे केले आणि बाळाला मांडीवर घेतलं. पुढे ते दर दोन-तीन दिवसांनी बसने यायचे. घड्या घालायच्या उरल्या नसल्या तर विचारायचे, आज धुतले नाहीत का?

सव्वा महिना झाल्यावर सासूबाई गावाला निघाल्या. कांद्याची लागण तोंडावर आली होती. नवरा त्यांना बसस्टँडवर सोडायला गेला. परत आल्यावर त्याने सांगितलं, की बस लागेपर्यंत त्या पिशवी धरून उभ्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "हात दाखव." त्याने हात पुढे केला. साबणाने बोटांची कातडी उलली होती, नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांनी त्याचा तळहात उलटासुलटा करून पाहिला, अंगठ्याने बोटांवरून चोळलं.

"तेल लावत जा," त्या म्हणाल्या, आणि बसमध्ये चढल्या.

तो मला हे सांगत होता तेव्हा बाळ आमच्या दोघांच्या मध्ये झोपलं होतं. सांगून झाल्यावर तो थोडा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसला. मग उठून बादली घेऊन बाथरूममध्ये गेला.