मामांची रोजची दुप्पट

'साधारण' हा शब्द उभ्या जन्मात ज्याच्या तोंडून एकदाही निघाला नाही, असा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. धुळ्याच्या तारऑफिसात त्यांनी हयात घालवली. तारेतलं एक अक्षर गळलं तर समोरच्या घरात पेढे वाटायचे की रडायचं हे बदलतं, त्यामुळे गळणं, गाळणं, अंदाजे धरणं या सगळ्याची त्यांना मनापासून चीड. आमच्या लग्नात कुणीतरी सहज म्हणालं, "पाचेकशे माणूस जेवलं असेल." मामा पंगतीतून फिरून मोजून आलेले. "चारशे एकोणनव्वद," ते म्हणाले. "आणि एक तान्हं. पण ते जेवलं नाही." मी जळगावहून धुळ्याला गेलो की ते विचारायचे, किती वाजता निघालात? 'आठच्या सुमारास' म्हटलं की घासात खडा आल्यासारखा चेहरा करायचे. शेवटी माझी बायको मला बसस्टँडवरच बजावू लागली, "घड्याळ बघून ठेवा हो, नाहीतर तिथे माझी लाज काढाल."

त्यांच्या खऱ्या वेडाची सुरुवात एका कॅल्क्युलेटरने केली. भाच्याने मुंबईहून आणलेला, आठ आकडी, काचेत हिरवे आकडे चमकणारा. मामांनी त्यात एक टाकला आणि दुप्पट करत सुटले. दोन, चार, आठ, सोळा. सव्विसाव्या वेळेपर्यंत तो बिचारा धावला, सत्ताविसाव्याला नववा आकडा मावेना म्हणून त्याने नुसतं इंग्रजी 'ई' दाखवून हात टेकले. "हे थकलं," मामा म्हणाले. "आता पुढे मी जातो." त्यांनी शाळेची वही घेतली, तेरा कोटी बेचाळीस लाख सतरा हजार सातशे अठ्ठावीस हा आकडा मांडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची दुप्पट केली. तिसऱ्या दिवशी त्याची दुप्पट. रोज एक. सणवार नाही, सुट्टी नाही. "दोन आठे सोळा, सहा मांडले, हातचा एक," असं पुटपुटत चहा गार करणारे मामा दहा वर्षं मी पाहिले, तोवर तो आकडा अकराशे आकडी झाला होता आणि वह्या सतरा. दुप्पट झाली की ते सगळे अंक मिळवून नवाचा ताळा काढायचे. एक, दोन, चार, आठ, सात, पाच, हे नवाने भागून उरणाऱ्या बाकीचं चक्र बरोबर फिरलं की खूश. मग म्हणायचे, "चूक शक्यच नाही."

पण मला ते आवडायचे ते ताळ्यासाठी नव्हे. दुप्पट आटोपली की ते पांझरेकाठी फिरायला न्यायचे आणि त्या दिवशीच्या आकड्याबद्दल असे बोलायचे, जणू रात्रीच्या गाडीने परगावी जाऊन आले आहेत. "आज नवव्या ओळीत सलग चार शून्यं लागली हो. कसं मोकळं वाटलं! उद्या तिथे पुन्हा शून्यंच असतील, शेजारचा हातचा आला तर मात्र शेवटचं जाईल." नदीत पाणी बेताचंच. पलीकडे धोब्यांचे कपडे वाळत पडलेले, हवेत गारवा. आणि हा गृहस्थ ज्या मुलखात कुणी कधी गेलंच नाही, तिथल्या हवापाण्याची बातमी सांगतोय! ऐकता ऐकता मलाही तो मुलूख दिसायला लागायचा, खोटं कशाला बोलू?

मी तेव्हा जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. चपला बाहेर काढून, पाय पुसून आत जायचं असे ते दिवस. मामा जळगावातच पिंप्राळ्याला आमच्या घरी आले असता मी त्यांना हौसेने क्लासमध्ये नेलं आणि दोनाचा शंभरावा घात विचारला. पडद्यावर आलं, एक पूर्णांक दोन सहा सात सहा पाच एक, पुढे ई, पुढे तीस. मामांना तो आकडा तोंडपाठ. ते ताडकन उठले. "एकतीस आकड्यांतले सात सांगितले आणि चोवीस गिळले! आणि त्या सातातला शेवटचाही खोटा, तिथे शून्य आहे. याला तुम्ही विद्यार्थ्यांसमोर बसवता?" मी म्हटलं, मामा, यंत्राचं घर लहान असतं, मोठा आकडा मावत नाही. "मग एका घरात एकच आकडा ठेवा," मामा म्हणाले. "घरं हवी तेवढी घ्या. उजवीकडून सुरुवात करा, हातचा डावीकडच्या घरात द्या. चौथीतलं पोर करतं ते याला जमू नये?" परदेशात मोठमोठ्या आकड्यांसाठी असे तयार प्रोग्रॅम लोकांनी याच रीतीने रचून ठेवलेत, हे मला पुढे कधीतरी कळलं. मला ते शिकवलं धुळ्याच्या तारमास्तरने. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात डावीकडचा हातचा हरवत होता. मामांनी छापलेला कागद नुसता लांबून पाहिला आणि म्हणाले, "शेवटचा हातचा तुमच्या यंत्राने खिशात घातला."

प्रोग्रॅम सुधारला, तसे मामा एकदम गंभीर झाले. "माझ्या सतरा वह्या तपासून द्या, जावईबापू. सत्तरी आली. सगळं बरोबर आहे एवढं कळलं की झालं. आणि एक आकडा जरी चुकला असेल, तर चुकल्या दिवसापासून परत लिहीन. चुकीचा आकडा मी पुढे ओढणार नाही." त्यांची ही प्रतिज्ञा आमच्या सगळ्या नात्यात पसरली.

पुढच्या रविवारी मी छापील कागदांची गुंडाळी घेऊन धुळ्याला गेलो. मामी स्वयंपाकघरात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या. मामी शिरपूरकडच्या, शाळा चौथीपर्यंत, बोलणं अहिराणी. तिथूनच त्यांनी विचारलं, "बठ्ठं बरोबर शे ना, जावाईबापू?" बठ्ठं म्हणजे सगळं. आम्ही शेवटचं पान ताडायला घेतलं. सुरुवात जुळली, शेवट जुळला, मधलं पोट काही जुळेना. "यंत्र चुकलं," मामा म्हणाले. मग एकेका वहीचं पहिलं पान पाहत मागे गेलो. पहिल्या सहा वह्या स्वच्छ निघाल्या. सातव्या वहीत एका पानावर अकराव्या ओळीत अठ्ठावन्न हवे होते, तिथे पंच्याऐंशी लिहिलेले. आकडे फक्त अदलाबदल झालेले, म्हणून बेरीज तीच आणि नवाचा ताळा बिनबोभाट जुळलेला.

मामांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. अक्षर त्यांचं नव्हतं. गोल, जरा तिरकं, दाबून लिहिलेलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारा दिवस मामांच्या डोळ्यांवर पट्टी होती. दुप्पट मोडू नये म्हणून ते बारा दिवस घरातली सगळी कामं उरकून मामी वही घेऊन त्यांच्या खाटेशी बसल्या होत्या. एकेक आकडा मोठ्याने म्हणायच्या, हातचा मामा सांगायचे.

"आता?" मी हळूच विचारलं. "परत लिहिणार?"

"मी सातव्या वहीपासून परत लिहायला बसलो, तर ती विचारणार नाही का, का म्हणून?" मामा कुजबुजले. "तिला कळता कामा नये." आणि मग तारऑफिसच्या खणखणीत आवाजात ते स्वयंपाकघराकडे ओरडले, "पहिला आकडा बरोबर आहे गं! शेवटचाही बरोबर आहे!" त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. धन्य तो माणूस! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोच चुकलेला आकडा दुप्पट करायला घेतला, आणि पुढे पाच वर्षं, हात चालत होता तोवर, रोज केला. जगाशी एकेका आकड्यासाठी भांडणारे मामा! मला त्यांच्याकडे बघून गलबलून यायचं, आणि बोलायची तर सोय नव्हती.

मामा गेल्यावर मी त्यांची शेवटची वही मागून आणली. क्लासमध्ये एकटाच बसलो आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली, की अमुक दिवस आला की हे दोन आकडे उलटे कर आणि पुढे चल. मग मामांच्या शेवटच्या पानाशी कागद ताडला. सगळा जुळला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पोटासकट. पंधरा वर्षांत मामांच्या स्वतःच्या हातून एकही आकडा चुकला नव्हता.

वही परत द्यायला गेलो तेव्हा मामी ओसरीत गहू निवडत होत्या. वही मांडीवर घेऊन त्यांनी ती उघडली नाही. खाली बघतच म्हणाल्या, "त्यास्नी पहिला सांगा, शेवटला सांगा. मधला काबर सांगा नही?" पहिला सांगितला, शेवटचा सांगितला, मग मधल्या आकड्यांबद्दल ते गप्प का राहिले, हा प्रश्न त्या माउलीने पाच वर्षं पोटात ठेवला होता. नवरा कधी काय गाळत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

मी म्हटलं, "मधलंबी बठ्ठं बरोबर शे, मामी. मी सोता ताडं." माझी अहिराणी ऐकून त्या हसल्या आणि पदराने डोळे पुसले. आणि खरं सांगतो, हे बोलताना मला खोटं बोलल्यासारखं मुळीच वाटलं नाही.