पहिली भवानी

परवाच्या पत्रात तुम्ही विचारलंत, ‘डिसलॉयल्टी’ला मराठीत काय म्हणायचं? बेइमानी हा शब्द चालेल. पण तो कुठे वापरायचा, हे मी शाळेत नाही, अलिबागला आमच्या ओटीवर शिकले.

मी तेव्हा इंग्रजी चौथीत होते. मिठाच्या चळवळीचं वर्ष. वडील कचेरीत कारकून, त्यामुळे सरकारशी इमान आणि बेइमानी असले शब्द घरात दबक्या आवाजात बोलले जात.

आमच्याकडे एक ठरलेली कोळीण यायची. आम्ही मुलं तिला मावशी म्हणायचो. कोळीवाड्यातून निघाली की वाटेत कुणी कितीही हाका मारल्या तरी ती पाटी उतरवायची नाही. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, आईच्या हातची. आईचा हात लागला की पाटी रिकामी होते, असा तिचा विश्वास होता.

मुलीच्या बाळंतपणासाठी मावशी काही दिवस आली नाही. त्यातच माझ्या थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले. आईने बरीच वाट पाहिली आणि शेवटी दुसऱ्या कोळणीला हाक मारली. तिची पाटी भरलेली होती, अजून भवानी व्हायची होती. घाईत आईने त्यातला सरंगा उचलून घेतला. जेवण छान झालं, लग्न ठरलं.

मावशी परत आली ती पाटी डोक्यावर ठेवूनच अंगणात उभी राहिली.

“वैनी, तिला भवानी दिलीस?”

“अगं, पाहुणे दारात. तू नाहीस. करू काय मी?”

“मासली घेतलीस त्याचा काय न्हाय. पोटाला लागतंच. तिला सांगायचं व्हतंस, आधी शेजारी पाटी उतरव, मंग माज्याकडं ये. तेवरा तुला सुचला न्हाय?” पाटी सावरत म्हणाली, “ती बाजारात सांगत फिरते, वैनीचा हात आता माजा. बेमानी केलीस.”

आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या फाटकासमोर आली की तिची आरोळी मुद्दाम चढायची, पाऊल मात्र थांबायचं नाही.

वडील म्हणाले, “तिच्याशी आपला काही करार होता का? करार नाही, तिथे बेइमानी कसली?”

“तुमच्या कचेरीत नसेल,” आई म्हणाली.

त्या दिवसापासून घरात मासळी बंद झाली. दुसरी कोळीण रोज दाराशी यायची. आई तिला शांतपणे सांगायची, “आमची येईल.” आम्ही वाल, मसूर, पुन्हा वाल खात होतो. वडील पानाकडे बघून सुस्कारा टाकायचे. बहिणीला भीती होती की मावशीशिवायच लग्न होणार. तिच्या जन्मापासून मावशी आमच्याकडे येत होती.

‘आमची येईल’ हे बाजारात पोचायला वेळ लागला नसावा. एका सकाळी आरोळी आलीच नाही. फाटक वाजलं आणि मावशी ओटीवर पाटी उतरवून बसली. पाटी भरलेली होती.

“सायेब वालला, बाजारात समदी बोलतात,” ती म्हणाली. “वाल खाऊन वालला.”

वाळलेले वडील वर्तमानपत्राआड गेले.

आईने बोंबील उचलले आणि मावशीने सांगितलेला भाव मुकाट्याने तिच्या हातावर ठेवला. ओशाळली होती, म्हणून एरवीसारखी घासाघीस केली नाही.

मावशीने पैसे परत पाटीच्या काठावर ठेवले. तिचा चेहरा उतरला.

“वैनी, सांगितला तेवरा परकी मानसा देतात. भाव कर.”

आई पदर खोचून समोर बसली आणि म्हणाली, “एवढ्याशा बोंबलांना एवढे? लुटायला आलीस काय गं?”

“लुटायलाच आलंय,” मावशी म्हणाली, आणि पाय पसरून बसली.