निंबाखालची पंचफुला

पंचफुलावहिनीला निंबावरची बाई लागली आहे, असं भातकुलीत कोणीही छातीठोक सांगत असे. शेजारच्या सुंदराबाई तर डोळे पांढरे करून, आवाज घोगरा करून सांगायच्या, “अकोल्याचं पक्कं क्वार्टर सोडलं व तिनं! अन् अमरावतीत टिनाच्या खोलीत जाऊन रायली. काहून? तर म्हणे समोर बाग हाय. झाडानंच बलावलं तिले, दुसरं काय?”

झाडानं बोलावलं नव्हतं. उन्हानं हाकललं होतं.

वहिनीचं पहिलं बाळ वैशाखात गेलं. भातकुलीच्या घरात, तापलेल्या टिनाखाली, भर दुपारी. उशाशी कांदा होता, तळपायांना कांद्याचा रस चोळला होता, तरी गेलं. गावात वड होता, पण त्याच्या पारावर आमच्या माणसांनी टेकायची सोय नव्हती. पुढं दुसरा मुलगा झाला, त्याचं नाव श्रावण. चैत्र लागला की वहिनीची झोप उडायची. पोराचं कपाळ जरा कोमट लागलं की तोंडचं पाणी पळायचं.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याला, देवमनला, सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी लागली. अकोला की अमरावती, हे सोमवारी सांगायचं होतं. क्वार्टर फक्त अकोल्यात मिळत होतं.

“आता इच्यात काय पायतं तू?” देवमन म्हणाला.

“दोन्हीकडची दुपार पाहू द्या मले.”

अकोल्याच्या त्या क्वार्टरची भिंत हात लावू देईना. आजूबाजूला झाड औषधालाही नव्हतं. श्रावणचा चेहरा मिरचीसारखा झाला. “आवो, इथं पोराले घेऊन मी कुठं पळू?” वहिनीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी अमरावती. खोली टिनाचीच, पण रस्ता ओलांडला की बाग, आणि बागेत गर्द निंब. देवमन घरमालकाशी बोलत राहिला. वहिनी पोराला घेऊन फाटकापर्यंत गेली आणि तिथंच थिजली. आत सावलीला माणसं लवंडली होती. माळी काठी घेऊन फिरत होता. ‘कोणाची तू?’ म्हणाला तर? श्रावणची मान तिच्या खांद्यावर लुळी पडली. पहिल्याचीही अशीच पडली होती.

तिनं चपला काढून हातात घेतल्या. गावच्या मोठ्या आळीतून जाताना तिची आई तशाच घ्यायची. धम्म घेऊन तिसरं वर्ष चालू होतं, पायांना मात्र अजून कळलं नव्हतं. तापल्या मुरमावर पाय उचलत ती आत शिरली.

“ए बाई! ए!” माळी काठीसकट धावत आला. वहिनीनं पोराला छातीशी आवळलं, डोळे मिटले.

“पागल हायेस का व? चप्पल घाल ना! फोड येतीन पायाले! अन् पोट्टं कावून लाल झालं? तिकडं निंबाखाली नळ हाय, डोक्स्यावर पाणी टाक त्याच्या. जल्दी!”

डोक्यावर पाणी पडलं, सावली लागली, तेव्हा कुठं श्रावणनं डोळे उघडले. माळी आता जात विचारील, मग विचारील, अशी वहिनी वाट पाहत राहिली. नत्थुजी माळी पाण्याचा पाइप ओढत गुलाबांकडं निघून गेला होता.

सोमवारी देवमननं अमरावती सांगितलं.

पण भीती अशी एका दुपारीत जाते थोडीच! वहिनी रोज बागेत जायची आणि फाटकाकडं तोंड करून, चपला हाताशी ठेवून बसायची. पुढल्या वैशाखात नणंद शालू, म्हणजे हे लिहिणारी, पावसाळ्यात सुरू होणाऱ्या शाळेसाठी त्यांच्याकडं राहायला आली. शालू कोणाचाही आवाज हुबेहूब काढते.

“वयनी, नत्थुजीनं हाकललं का तू पोराले घेऊन पळतं. लाव पैज! जो हारंल त्यानं उन्हाळाभर टिनावर पाणी मारायचं.”

“लाव,” वहिनी म्हणाली.

चौथ्या-पाचव्या दुपारी मेंदीच्या कुंपणामागून नत्थुजीचा आवाज गरजला. “ए बाई! कोणाची तू? ऊठ तिथून!”

वहिनी पांढरीफटक पडली. हात चपलांकडं गेला, मध्येच थांबला, आणि मांडीवरच्या श्रावणवर येऊन टेकला.

“नाई उठत,” ती म्हणाली. “पोरगं झोपलं हाय माह्यं.” कुंपणामागून मग बाहेर आली ती शालू.

शालूनं उरलेला उन्हाळाभर बादल्या वाहिल्या. टिनावर पाणी पडलं की चर्र व्हायचं, आणि खालून वहिनी ओरडायची, “तिकडला कोपरा सुकाच रायला व!”